वन्सं, दारातली बाई झाली

वन्सं, झाली! दारातली बाई झाली. परवा सकाळी तुमच्याच पडवीत, तुमच्याच पाटावर बसून रंगवली. झाल्यावर मी इतक्या मोठ्यानं ओरडले की मागच्या दारी भांडी घासणाऱ्या बायका हात न धुताच धावत आल्या. दुखवट्याच्या घरात कुणी असं ओरडतं का? पण मला आधी तुम्हालाच हाक मारायची होती. ‘वन्सं, बघा बघा,’ म्हणत मी स्वयंपाकघराकडे मान वळवलीसुद्धा. मग आठवलं.

म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही होता तेव्हाही माझं लिहिलेलं वाचत नव्हता. ‘तोंडानं सांग गं, कागुद नको,’ म्हणायचात. तर मी हे तोंडानंच सांगते आहे असं समजा. आणि सगळं पहिल्यापासून सांगणार आहे. आता तुम्हाला ‘भात करपंल’ म्हणून मधेच उठून जाता येणार नाही.

लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्ही माझ्या थोरल्या नणंद, मानाच्या. तुम्ही चौक गावापासून आत तुमच्या सासरच्या गावी, आम्ही कर्जतला. सणासुदीला भेट व्हायची. ‘बरी हायस ना गं शैले?’ ‘बरी आहे, वन्सं.’ ‘अंत्या जेवतो ना येळेवर?’ ‘जेवतात.’ संपलं. वर्षानुवर्षं आपली गाडी तुमच्या भावाच्या जेवणापुढे गेली नाही. मी तुम्हाला जरा दबून असायचे, आणि तुम्ही मला नोकरीवाली म्हणून जरा लांब ठेवायचात. भांडण नव्हतं, पण भांडण करायला तरी काही ओळख लागते.

मग दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. मी निवृत्त झाले, आणि तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला.

माझी सगळी नोकरी रसायनीकडच्या रंगाच्या कारखान्यात शेड जुळवण्यात गेली. गिऱ्हाइकानं रंगवलेल्या पत्र्याचा तुकडा आणून द्यायचा, आणि आम्ही प्रयोगशाळेत हुबेहूब तसा रंग करून द्यायचा. लोकांचे ट्रॅक्टर, कपाटं, गेटं रंगली, मी मात्र कधी चित्र काढलं नाही. घरी बसल्यावर वाटलं, जन्मभर रंग ढवळले, एकदा लावूनही बघावेत. कर्जतला शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे सर घरीच तैलरंग शिकवतात. त्यांनी माझ्या हातात एका जुन्या परदेशी मासिकातून कापलेलं पान ठेवलं आणि म्हणाले, “याची नक्कल करा.”

मी पान बघून गार पडले. ठेंगण्या छताची एक मोठी खोली आणि तिच्यात माणसंच माणसं. लांबलचक टेबलावर जेवण चाललंय, कोपऱ्यात चुलाणं, तांब्याची भांडी, वाजवणारे, वाढणारे, रडणारी पोरं, टेबलाखाली कुत्रं. डाव्या खिडकीतून उजेड येतोय आणि उजव्या हाताला दार. चित्र कुणाचं ते पानाच्या फाटलेल्या कडेबरोबर गेलेलं. मी म्हटलं, “सर, आधी एखादं सफरचंद देता का?”

“सफरचंद काढून माणूस आठवड्यात कंटाळतं, बाई. गर्दी काढा. गर्दीत सगळं आलं, कातडी, कापड, तांबं, लाकूड, धूर. ही एक उतरवलीत की तैलरंगाची भीती गेली.”

भीती कसली जाते! ते पान महिनाभर माझ्या टेबलावर पडून होतं आणि मी त्याच्यावर चहाचा कप ठेवत होते. तेवढ्यात तुमचं ऑपरेशन कर्जतला करायचं ठरलं आणि तुम्ही आमच्याकडे राहायला आलात.

पट्टी सुटली तो दिवस मी विसरणार नाही. तुम्ही न्हाणीघरात गेलात आणि तिथूनच ओरडलात, “शैले! ही बादली निळी हाय?” मला वाटलं पडलात. धावत आले तर तुम्ही बादलीसमोर उकिडव्या बसलेल्या. “एवडी निळी? आदीपास्नं एवडीच निळी व्हती?” मग घरभर फिरलात. पडदा, गॅसची ज्योत, गॅलरीतून दिसणारा माथेरानचा डोंगर, एकेकाला नव्यानं ओळख दिल्यासारखं बघत होता. तुमच्या भावाचा शर्ट चिमटीत धरून म्हणालात, “अंत्या, ह्यो तर पांडराच हाय की रं! मला वाटायचं, शैला नीट धूत नाय.” इतकी वर्षं हा आरोप माझ्यावर होता हे मला त्या दिवशी कळलं!

आणि मग तुम्ही ते पान उचललंत. माझा कप बाजूला ठेवलात, कपाचा गोल पुसलात आणि उभ्या उभ्या वाचायला लागलात. हो, वाचायलाच. “लगीनघर हाय हे. ही नवरीची आय, हिच्या डोक्यात वाढप्यांचा हिशोब चाललाय. ह्यो मामा, रुसलाय, तोंड बग. ह्यानं जरा जास्त घेतलीय. आनि ही पोरगी, ही जेवत नाय, त्या वाजिवनाऱ्या पोराकडं बगते.” मला त्या पानात महिनाभर फक्त तपकिरीच्या शेड दिसत होत्या. तुम्ही बोलत गेलात आणि खोलीत आवाज भरला. मी म्हटलं, “वन्सं, याची नक्कल करायची आहे मला.” तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. “मग मला पन दे एक बरश.”

वन्सं, तिथं आपली ओळख झाली. आपण एकमेकींकडे बघून कधी बोललो नव्हतो, दोघी मिळून तिसरीकडे बघायला लागलो तेव्हा तोंड उघडलं.

पान एवढंसं आणि कॅनव्हास चांगला हातभर रुंद. सरांनी सांगितलं, पानावर चौकोन आखा, कॅनव्हासवर मोठे चौकोन आखा, आणि एकेक चौकोन उतरवा. तुम्ही म्हणालात, रेघा कशाला, ठिपके पुरं. आणि खरंच तुम्ही जुन्या पत्रिकेच्या जाड कागदाला भोकं पाडून रांगोळीचे ठिपके त्या कॅनव्हासवर टाकलेत. ठिपक्या-ठिपक्याला बोट लावत तुम्ही टेबलाची कड अशी सरळ आणलीत की सर म्हणाले, “पट्टी लावलीत?” तुम्ही म्हणालात, “दिवाळी लावली.”

वाटणीही तिथंच झाली. रंग माझे, माणसं तुमची. मी ताटात रंग कालवायचा, पानाशी जुळवायचा, तुम्ही कुणाचं नाक कुठं बघतंय ते ठरवायचं. आधीचा थर टर्पेंटाईननं पातळ, तेल वरच्या थरात, हे सरांनी दहादा सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “म्हंजी हितं फोडनी शेवटी.” मी नवरीच्या आईचा गाल घोटत बसले की ब्रश माझ्या हातून काढून घ्यायचात. “बास गं, चिखलनी झाली.” आणि झालेलीच असायची.

पण वन्सं, निळ्याच्या बाबतीत तुमचं चुकलंच, आणि ते मी आज लेखी देते. नवीन डोळा मिळाल्यापासून तुम्हाला सगळीकडे निळंच दिसायला लागलं. सावलीत निळं, भातात निळं, म्हाताऱ्याच्या दाढीत निळं. सावलीत खरंच थोडं होतं, ते मी कबूल केलं. पण मी दळण आणायला गेले आणि परत येऊन बघते तर टेबलाखालचं कुत्रं निळं! “वन्सं, कुत्रं निळं असतं का?”

“सावलीत बसलंय.”

“म्हणून एवढं?”

“तू त्याच्याजवळ जाऊन बगितलंस?”

मी त्याच्यावर भुरका चढवला, तुम्ही मी नसताना परत निळं फासलंत, मी परत भुरका लावला. आता ते जे झालंय ते ना कुत्र्याचा रंग ना कुठल्या शेडकार्डातला. माझ्या नोकरीत असा डबा परत आला असता. पण तेच कुत्रं खोलीत सगळ्यात जिवंत झालंय, हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. तुम्ही फुशारल्या असता.

आणि मग पायांचं प्रकरण. टेबलाखालची बाजू तुम्ही करायला घेतलीत आणि पहिल्याच दिवशी ब्रश खाली ठेवलात. “शैले, ही मान्सं घरात बुटं घालून बसल्यात.”

“त्यांच्याकडे तसंच असतं, वन्सं. थंडी असते.”

“जेवाया? चुलीपाशी? लगीनघरात?” तुम्हाला ते सहनच होईना. स्वतः तर तुम्ही कुठंही गेलात तरी चपला काढून त्यांची तोंडं बाहेर करून ठेवणाऱ्या. ‘निगताना फिरायला नको,’ म्हणायचात. कार्याच्या घरी तर येता-जाता सगळ्यांच्या चपला सरळ करायचात, माझ्यासुद्धा. तर पुढच्या रविवारी आपण सरांकडे कॅनव्हास नेला तेव्हा त्या परदेशी लग्नात एकजात सगळे अनवाणी होते, आणि दाराशी, जिथं पानावर नुसती रिकामी फरशी आहे तिथं, चपलांचा हा ढीग!

सरांनी वाकून बघितलं. “बूट कुठं गेले?”

“दारात काढल्यात,” तुम्ही म्हणालात.

“बाई, नक्कल म्हणजे मूळ चित्राचं ऐकायचं असतं.”

“त्येंनी पन ऐकायला पायजे ना घरच्या मान्सांचं.”

सरांना हसू आवरेना. चष्मा काढून डोळे पुसले. नंतर पुन्हा वाकून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले की पाय फार सुंदर झालेत. झालेच होते. टाचेच्या भेगांसकट होते. तुम्ही अख्ख्या लग्नाचे पाय आपल्या गावच्या पायांवरून घेतले होते, आणि नवऱ्या मुलाची बोटं तर सरळसरळ तुमच्या भावाची होती. ह्यांनी ती ओळखली आणि दोन दिवस घरात मोजे घालून फिरले.

पावसात रंग सुकेना. कर्जतच्या ओलीत कॅनव्हासच्या पाठीवर बुरा धरायला लागला. सर म्हणाले, थांबा, दिवाळीपर्यंत हात लावू नका. तुम्हाला थांबणं कुठं माहीत! प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, शेअर रिक्षात मांडीवर घेऊन तुम्ही ते चित्र गावी नेलंत आणि चुलीवरच्या फळीवर ठेवलंत, जिथं तुमची सुकी मासळी असते. मला फोनवर सांगितलंत तेव्हा मी किंचाळलेच. “वन्सं, तैलरंग आहे तो! धूर बसेल!”

“बोंबलाला बसतो, त्याला काय व्हतं?”

धूर बसलाच. मी धावतपळत गावी आले, डोळ्यांत पाणी घेऊनच आले, आणि तुम्ही चित्र खाली काढलंत. वन्सं, काय दिसत होतं ते! पांढरे उतरून सायीसारखे झालेले, भिंतींवर पिवळट तांबूस झाक, खोलीभर खरंखुरं चुलाणं पेटल्यासारखा उजेड. जो रंग मी ताटात महिनाभर शोधत होते, मिळत नव्हता, तो तुमच्या चुलीनं आपोआप आणून दिला. कर्जतला दाखवायला नेलं तेव्हा सरांनी नाक जवळ नेलं आणि मागे घेतलं, आणि ते परत तुमच्या फळीवर गेलं. आजही त्या चित्राला बोंबलाचा वास आहे. शेजारचं मांजर त्याच्याखालून हलत नाही. कलेचं एवढं प्रेम मी दुसऱ्या कुणात बघितलेलं नाही.

राहता राहिली दारातली बाई.

पानावर ती उजव्या दारात पाठमोरी उभी आहे. चेहरा दिसत नाही, नुसता कान आणि गालाची कड, आत वळलेली. एक हात चौकटीवर. कमरेखालून पानाची घडी गेलीय आणि तिथं छपाई उडालीय, त्यामुळे पाय कुठं वळलेत ते कळत नाही. आणि कमरेला असा काही पीळ आहे की काढायला जावं तर बाई मोडल्यासारखी दिसते. आपण तिला दोनदा काढली, दोनदा खरवडली. मी म्हणत होते, ती येतेय. उशिरा पोचलेली पाहुणी. तुम्ही म्हणत होता, ती निघालीय. शेवटच्या फोनवरही तेच. भाजी चिरता चिरता मी फोन कानाला धरला होता आणि तुम्ही तावातावानं बोलत होता.

“पावनी असती तर कोनीतरी मान वर करून बगितलं असतं. बग तू पानावर. येक मानूस तिच्याकडं बगत नाय. घरची बाई हाय ती. राबली, वाढलं, आता वाऱ्याला चाललीय. घरच्या बाईकडं कोन बगतं?”

“मग गाल आत का वळलाय तिचा? निघालेली बाई बाहेर बघेल.”

“चूल इजवली का ते बगते.”

“वन्सं, तुम्ही हट्टी आहात.”

“आन तू नायस? मी चित्र घेऊन येते आयतवारी. तोपावतर तिला कोनी हात लावायचा नाय. दोगी मिळून काडू.”

मी बरं म्हटलं. रविवार यायच्या आधीच रोहिणीचा फोन आला. तुमची लेक एरवी खोपोलीहून फोन करते तेव्हा आधी हसते. त्या दिवशी हसली नाही. तुम्ही झोपेतच गेला होतात. भाजी चिरताना झालेलं ते बोलणं शेवटचं ठरेल हे कळलं असतं तर मी भांडले नसते, असं लोक म्हणतात. मी भांडलेच असते. उलट आणखी थोडा वेळ भांडले असते.

रडले ते आता सांगत बसत नाही. घर तुमच्या माणसांनी भरलं. आणि ते चित्र चुलीवरच्या फळीवर तसंच, दारात एक बाईच्या आकाराचं भोक घेऊन. दहावा झाल्यावर रोहिणीनं ते खाली काढलं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, “मामी, हे असंच फ्रेम करूया. तेराव्याला आईच्या फोटोशेजारी लावू. तिचं राहिलेलं काम म्हणून.” तुमचे भाऊही म्हणाले, “असंच राहू दे. अर्धवटच बरं वाटतं. आठवण आहे तिची.”

मला असा राग आला वन्सं! तुमच्यावरही आला. अर्धवट राहिलं म्हणजे आठवण होते का? मग अर्धी भाकरी पण फ्रेम करा, अर्धी भातलावणी पण करा. तुम्ही उभ्या जन्मात एक काम अर्धं टाकलेलं मला कुणी दाखवावं. सगळ्यांनी मिळून तुम्हाला कायमचं एक भोक करून टाकायचं ठरवलं होतं, आणि वर त्याला हार घालणार होते. मी म्हटलं, “तेराव्याच्या आत ही बाई होणार.” रोहिणी म्हणाली, “पण आईनं तुम्हाला हात लावू नको म्हटलं होतं ना?” तिला ते मीच सांगितलेलं. दोघींनी मिळून काढायचं असं वचन होतं आणि दुसरी कुठून आणू?

परवा सकाळी तरीही पाट घेतला आणि पडवीत बसले. उजेड चांगला होता. ताटात रंग काढले. तीन वेळा रेघ मारली, तीनही वेळा पुसली. बाई येतही नव्हती आणि जातही नव्हती, दारात अडकल्यासारखी दिसत होती. शेवटी मी ठरवलं, जिवंत पाठ बघितल्याशिवाय जमणार नाही, आणि रोहिणीला हाक मारली.

ती दळून आणलेलं पीठ घेऊन नुकतीच अंगणात वळत होती. “काय मामी?” म्हणत ती उंबऱ्याशी आली. चपला काढल्या. अर्धी पाठमोरी होऊन एक हात चौकटीवर ठेवला, मान वळवून आत माझ्याकडे बघितलं, आणि बघता बघता, तिचं लक्षही नव्हतं तिकडे, मागच्या पायाच्या अंगठ्यानं चपला फिरवल्या. एक, मग दुसरी. तोंडं बाहेर.

“थांब!” मी ओरडले. “हलू नको! तस्सीच राहा!”

“मामी, पीठ आहे हातात...”

“असू दे पीठ! पाय तसाच ठेव!”

वन्सं, तोच पीळ! वरचं अंग आत, कंबर फिरलेली, एक पाय मागे. चौकटीवरचा हात तोल सावरायला. गाल आत, कारण येणारं माणूस आत बघतंच, आणि पाय बाहेर, कारण चपला सरळ करायच्या आहेत. मी आयुष्यभर तुम्हाला असंच उभं राहिलेलं बघत आले. आमच्या दारात, लग्नांच्या मांडवात, दवाखान्याच्या पायरीवर. आणि महिनोन् महिने आपण त्या बाईवरून भांडलो, आणि एकदाही, वन्सं, एकदाही तुम्ही स्वतःकडे बघितलं नाहीत आणि मीही बघितलं नाही! घरच्या बाईकडे कोण बघतं!

त्या परदेशी बाईनं काही चपला फिरवल्या नसतील, मला कळतं. तिचा पाय झग्यात अडकला असेल किंवा चित्रकाराचं चुकलं असेल. असू दे. आपल्या चित्रात बूट आपण कधीच उतरवलेत, तर तिनं आपल्या चपला का फिरवू नयेत? मी काढत गेले. रोहिणी पिठाचा डबा घेऊन उभी, हात भरून आला म्हणून कुरकुरते आहे, मग हळूच विचारते, “आई अशीच उभी राहायची, नाही?” मी म्हटलं, “बोलू नको, मान हलते.” ती रडत होती आणि मान हलू देत नव्हती. मीही रडत होते आणि ब्रश हलू देत नव्हते. पाठ आली, कंबर आली, लुगड्याचा ओचा आला. होय, लुगडंच आलं, काय करू, झगा जमेना. टाच आली, भेगेसकट. तुमच्या त्या चपलांच्या ढिगाच्या पुढ्यात तिचे दोन जोड पायाशी आले, सगळ्या ढिगात तेवढ्याच एका जोडाची तोंडं बाहेर.

थांबा, ‘दोन जोड’ नव्हे, एकच जोड. घाईत लिहिते आहे. तुम्ही असता तर इथं टोकलं असतंत.

आणि मग मी ओरडले, बायका धावत आल्या, ते सांगितलंच. तुमचे भाऊ आतून आले. ते बघत उभे राहिले. नुसतं “आक्का” म्हणाले आणि परसात निघून गेले. एवढंच मला पाहिजे होतं.

एक काम मी त्यानंतर केलं, ते कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाला होतात, तिच्याकडे एकही माणूस बघत नाही. माणसं मी हलवू शकत नव्हते, ती सगळी सुकली होती, आणि ती तुमची होती. पण कुत्र्यावर थर चढवायची आपल्याला सवयच आहे. मी त्याची मान दाराकडे वळवली. आता ते निळं कुत्रं त्या बाईकडे बघतंय. डोळ्यात पांढऱ्याचा एक ठिपका टाकला, आणि तो पांढरा नाही, त्यात चिमूटभर निळा आहे. सावलीत बसलंय ना. तुम्ही जिंकलात, घ्या.

काल तेरावा झाला. चित्र ओटीवर लावलं, तुमच्या फोटोच्या समोरच्या भिंतीला, म्हणजे तुम्हाला दिसावं. सर कर्जतहून आले होते. दारातल्या बाईपुढे उभे राहिले आणि म्हणाले, “ही नक्कल राहिली नाही, बाई.” रागावून म्हणाले की कौतुकानं, विचारायचं धाडस झालं नाही. मांजर खाली येऊन बसलं. माणसं इतकी आली की ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती, पंगत चालली होती, पोरं रडत होती, तुमचे एक मामेभाऊ जेवणावरून रुसले होते. मी त्या गर्दीकडे बघत होते आणि भिंतीवरच्या गर्दीकडे बघत होते, आणि मला एकदम इतका आनंद झाला, वन्सं, की मला तो लपवावा लागला. शिकले मी! गर्दी उतरवायला शिकले. आता भीती नाही. आता पुढची काढणार आहे, आणि ती पानावरून नाही. पाताळगंगेच्या पुलाजवळचं ते हॉटेल आठवतं, जिथं आपण चहाला थांबायचो? तिथली सकाळची गर्दी. सगळे चपला घालून बसलेले असतील, हे आधीच सांगून ठेवते.

तुम्ही मला एवढं दिलंत, आणि मी तोंडानं कधी म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणायची पद्धत नव्हती. आज म्हणते. वन्सं, तुम्ही माझ्याकडे उशिरा आलात, पण फार बरं झालं आलात.

निघताना अंगणात चपलांचा समुद्र होता. उलट्यासुलट्या, एकमेकींवर चढलेल्या. मी वाकले आणि सरळ करायला लागले, तर पलीकडच्या टोकाला रोहिणी आधीच करत होती. तिनं वर बघितलं नाही. ओटीच्या पायरीशी तुमच्या चपला अजून आहेत, तुम्ही ठेवल्यात तशाच, तोंडं बाहेर करून. कुणीतरी त्या देऊन टाकायला उचलत होतं. मी म्हटलं, चित्र सुकेपर्यंत राहू द्या. जाड थर आहे, त्यात ही ओल, दिवाळी सहज होईल.

म्हणजे तुम्हाला वेळ आहे. मी तिला आत येताना काढलीय. बरेच जण बघून गेले, कुणी हरकत घेतली नाही, पण त्यांना काय कळतंय. तुम्हाला अजूनही वाटत असेल की ती निघालीच आहे, तर सांगा, वन्सं. रंग ओला आहे.